मोबाइलमधले नंबर अन् कॅलेंडर दुकानातल्या कॉम्प्युटरवर कसे आणायचे?

मोंढेकर_परभणी:
नमस्कार मंडळी. आमचं परभणीत मोंढ्याजवळ बी-बियाणं, खताचं दुकान हाय. मोबाइल अँड्रॉइड, दुकानात विंडोजचा कॉम्प्युटर अन् त्यात थंडरबर्ड (मेल, नंबर, कॅलेंडर बघायचा प्रोग्राम). शेतकऱ्यांचे नंबर सगळे मराठीत, नावापुढं गाव, झरी, दैठणा, पेडगाव असं. सोयाबीन निघाल्यावर कुणाची किती उधारी यायची, जीएसटीची 20 तारीख, हे समदं मोबाइलच्या कॅलेंडरात. मी खेड्यावर गेलो की भाऊ गल्ल्यावर असतो, त्याला यातलं काहीच दिसत नाही. जीमेल जोडून बघितलं तर निम्मेच नंबर आले, बाकीचे येईनातच. दर बारीला केबल लावून फाइल टाकायची नाही, एकीकडं बदललं की दुसरीकडं आपोआप बदलायला पाहिजे. काय करावं?

लातूरकर:
भाऊ, जे आले नाहीत ते गूगल खात्यात नाहीतच, सिमवर नाहीतर 'डिव्हाइस'मधी पडलेत, अन् खात्यात नसलेला नंबर कुठंच सिंक होत नाही, म्हणजे आपोआप दुसरीकडं जात नाही. गूगलच्या काँटॅक्ट्स ॲपमधून सिमवरचे इम्पोर्ट करा, मग सिंकच्या सेटिंगमधी डिव्हाइसमधले काँटॅक्टपण सिंक करायचा पर्याय चालू करा. नवा नंबर सेव्ह करताना वर कोणतं खातं दिसायलंय ते बघत जा, खरी गोम तिथंच हाय. कॅलेंडरचंही तेच, फोनच्या स्वतःच्या कॅलेंडरात लिहिलेलं फोनमधीच राहतं.
थंडरबर्डमधी ॲड्रेस बुकात नवीन 'कार्डडॅव' (नंबर सिंक करायची पद्धत) बुक टाका, जीमेल लिहा, ते बाकीचं स्वतः शोधतं. 2021 च्या 91 आवृत्तीपासून हे आतच येतं, त्याआधीचं असेल तर पहिलं अपडेट करा. कॅलेंडरात नवीन कॅलेंडर टाकताना 'नेटवर्कवर' निवडायचं.

गोदाकाठ_नांदेड:
भाऊ, हात लावायच्या आधी समदे नंबर व्हीसीएफ फाइलमधी (काँटॅक्टची फाइल असते ती) एक्सपोर्ट करून पेनड्राइव्हवर ठेवा. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. गल्ल्यावर कुणी चुकून नंबर डिलीट केला तर फोनमधूनपण जाणार, गूगलच्या ट्रॅशमधी तो 30 दिवस राहतो अन् मग कायमचा गेला, उधारीचे नंबर हायेत म्हणून जीव तोडून सांगायलेय. सीएसव्ही (तक्त्यासारखी साधी फाइल) काढली तर एक्सेलमधी डबल क्लिकनं उघडू नका, मराठी नावांचा चुथडा होतो, 'डेटा' मेनूतून आत घ्या अन् यूटीएफ-8 (मराठी अक्षरं नीट दाखवणारा पर्याय) निवडा.

मोंढेकर_परभणी:
सिमवरचे आले ताई, गावासकट! पण भावाला दुकानाचंच दिसावं, घरचे नंबर, माझे मेल कशाला तिथं?

लातूरकर:
मग दुकानाचं वेगळं जीमेल काढा, फोनमधी दुसरं खातं म्हणून जोडा अन् शेतकऱ्यांचे नंबर तेवढे त्यात हलवा. कॉम्प्युटरवर फक्त तेच खातं ठेवा. उधारीच्या तारखा त्याच्याच कॅलेंडरात लिहा, दोघांनाबी दिसतील. तुमचं घरचं खातं मात्र तिथल्या थंडरबर्डमधून आजच काढून टाका.