रात्री वारंवार लघवी : साखर की प्रोस्टेट?

रातकिडा
वय पन्नाशीपुढे. रात्री तीनदा तरी लघवीला उठावं लागतं, घशाला कोरड पडते. प्रोस्टेटमुळेही (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी वाढल्यानेही) असं होतं म्हणतात. घरच्या घरी फरक ओळखता येतो का?

लॅबवाला
किती वेळा उठता यापेक्षा दर खेपेला किती होते ते बघा. बाथरूममध्ये मापाचं भांडं ठेवा, तीन दिवस वेळ आणि मिली लिहा, दिवसाचंसुद्धा.

रक्तातली साखर साधारण १८० मिग्रॅच्या वर गेली की मूत्रपिंडाला ती पूर्ण परत शोषता येत नाही. ती लघवीत उतरते आणि सोबत पाणी ओढून नेते. म्हणून दर वेळी भरपूर, मोकळ्या धारेने, मागोमाग तहान. आणि दिवसाही तेच. प्रोस्टेट असेल तर घाई फार, होते थोडीशीच. धार बारीक, शेवटी थेंब थेंब. फक्त रात्रीच जास्त होत असेल तर पायावर सूज, घोरणं आणि संध्याकाळी घेतलेली लघवी वाढवणारी गोळी, हे तीनही तपासा.

मीठमिरची
वरच्या १८० मध्येच एक गोम आहे. उपाशीपोटी १४० म्हणजे मधुमेहच, पण तेवढ्याने लघवी वाढेलच असं नाही. लघवीत साखर आली नाही म्हणून सुटलो समजू नका, रक्तच तपासा. किमान ८ तास उपाशी राहून १२६ किंवा जास्त, अथवा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ६.५ टक्के किंवा जास्त आली तर मधुमेह. लक्षणं नसतील तर तपासणी पुन्हा करून खात्री करतात. रक्तक्षय असेल तर एचबीए१सी फसवू शकते, लॅबला हिमोग्लोबिनही करायला सांगा.

रातकिडा
रात्री तळपायाची आग होते आणि कधी घामही येतो. तेही साखरेचंच का?

लॅबवाला
तळपायाची आग, मुंग्या दोन्ही पायांत सारख्या असतील तर साखरेचा संशय रास्त. पण बी१२ जीवनसत्त्व कमी असलं तरी तसंच होतं, तेही बघून घ्या. घामाचं वेगळं. साखर उतरून घाम येणं हे बहुतेक इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत दिसतं. औषध चालू नसेल तर घामाचं कारण दुसरीकडे शोधा.

मीठमिरची
घरात लहान मूल असेल त्यांच्यासाठी: सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं, तहान वाढली, वजन उतरलं, तर त्याच दिवशी साखर तपासा. उलट्या किंवा खोल, जोराचा श्वास दिसला तर लॅबची वाट न बघता थेट हॉस्पिटल.