परभणीहून अलिबाग-मुरूड: गाडी नसताना तिथं फिरायचं कसं?

गोदाकाठ_परभणी

संक्रांत झाली की चार दिवस अलिबागकडं जायचं ठरतंय. आम्ही सहाजण आहोत. आई ६८ची, बाबा ७६चे आणि त्यांना गुडघ्याचा त्रास, बायको, मी आणि दोन लेकरं (११ आणि ७). गाडी नाही. इथला ट्रॅव्हल्सवाला म्हणतो, परभणीहूनच अर्टिगा घेऊन जा, तिकडं काहीच मिळत नाही. खरंच तसं आहे का? अलिबागचा किल्ला, काशीद आणि जंजिरा एवढंच बघायचंय. एसटी, रिक्षा आणि गरज पडली तर टॅक्सी एवढ्यावर भागेल का? नागावला एक होमस्टे बघून ठेवलाय, पैसे अजून भरले नाहीत. गुरुवारी पोचायचं, रविवारी निघायचं असा विचार आहे.

नांदेड_पनवेल

ट्रॅव्हल्सवाल्याचं गणित आधी बघा. परभणी ते अलिबाग एका बाजूनं पाचशे किलोमीटरच्या वर आहे. बाहेरगावच्या भाड्यात दिवसाला कमीत कमी अडीचशे-तीनशे किलोमीटर धरतात, गाडी होमस्टेच्या दारात उभी असली तरी. म्हणजे मधल्या दोन दिवसांत तुम्ही चाळीस किलोमीटर फिरलात तरी पाचशे-सहाशेचे पैसे लागणार. त्यावर ड्रायव्हरचा भत्ता, टोल, पार्किंग. शिवाय अर्टिगात ड्रायव्हर धरून सातजण बसले की मागं बॅगांना जागाच उरत नाही. कॅरिअर आहे का ते विचारा, नसलं तर बॅगा मांडीवर.

जायला नांदेड-पनवेल एक्स्प्रेस घ्या. परभणी, गंगाखेड, परळी, लातूर, धाराशिव, पुणे करत सकाळी थेट पनवेलला सोडते. मुंबईत शिरायची गरजच नाही. बाबांसाठी खालचा बर्थ मागून घ्या. पनवेल स्टेशनापासून एसटी स्टँड चालत जाण्यासारखा असला तरी सामान आणि गुडघे बघता रिक्षा करा. स्टँडवर अलिबागची विनाथांबा गाडी कुठून लागते ते चौकशीला विचारा. विनाथांब्याचं तिकीट बऱ्याचदा खिडकीवर आधी काढावं लागतं, कंडक्टर गाडीत देत नाही. रांग गाडीची का तिकिटाची, हे न बघता उभं राहिलं की एक गाडी हातची जाते. पेण-वडखळ मार्गे दोन ते अडीच तास धरा.

आता सवलत. बाबा ७५च्या वर आहेत, त्यांना एसटी फुकट. त्यांचं शून्य रुपयाचं तिकीट मात्र घ्यायचंच, तपासणीत तेच दाखवावं लागतं. आईला अर्धं, ज्येष्ठ म्हणून धरा नाहीतर महिला म्हणून. दोन्ही सवलती एकावर एक लागत नाहीत. बायकोला १७ मार्च २०२३ पासूनच्या महिला सन्मान योजनेत अर्धं. लेकरं दोन्ही पाच ते बाराच्या मधली, त्यांनाही अर्धं. म्हणजे सहाजणांत पूर्ण तिकीट तुमचं एकट्याचं. आधार कार्डं बॅगेच्या तळाशी ठेवू नका.

छसंनगर_स्टेशनरोड

वरचा मार्ग चांगलाच आहे, पण लेकरांना बोट दाखवायची असेल तर देवगिरी एक्स्प्रेस बघा. परभणीहून संध्याकाळी बसायचं, सकाळी सातच्या सुमारास सीएसएमटी. तिथून गेटवे ऑफ इंडिया अडीच-तीन किलोमीटर. दक्षिण मुंबईत रिक्षा नाही हे लक्षात घ्या, काळी-पिवळी टॅक्सीच. ती चारच माणसं घेते, तुम्हाला दोन लागतील. मीटरचं कमीत कमी भाडं फेब्रुवारी २०२५ पासून ३१ रुपये आहे (पहिला दीड किलोमीटर), म्हणून गेटवेला एका टॅक्सीचे साधारण पन्नास-साठ व्हायला पाहिजेत. स्टेशनाच्या दारातच 'गेटवे का, दोनशे' म्हणत जो पुढं येतो त्याला सोडा, रस्त्यावर येऊन चालती टॅक्सी धरा.

गेटवेवर पीएनपी, मालदार, अजंठा यांच्या तिकीटखिडक्या आहेत. बोट मांडव्याला जाते, अलिबागला नाही. पाऊण ते एक तास लागतो. मांडवा ते अलिबाग बस त्याच तिकिटात असते, म्हणून बोटीत बसल्यावर तिकीट फेकू नका. उतरल्यावर आपल्याच कंपनीच्या बसकडं जायचं, दुसऱ्याची बस ते तिकीट घेत नाही. बस अर्ध्या-पाऊण तासात अलिबागला आणते. किहीम किंवा थळकडं जायचं असेल तर वाटेत चोंढीला उतरता येतं. या बोटींवर एसटीची कोणतीच सवलत नाही.

बाबांसाठी दोन गोष्टी. गेटवेवर दगडी पायऱ्या उतरून हलत्या बोटीत पाय टाकावा लागतो. पायऱ्या ओल्या असतात. खलाशी हात देतात, पण हात मोकळे पाहिजेत, बॅग तुम्ही धरा. आणि ते जमणारच नसेल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी एम-टू-एम रो-रो बोट आहे. मोठी आहे, कमी हलते, चढायला रॅम्प. फेऱ्या मात्र मोजक्या, वेळ आधी बघूनच निघा. मांडव्याला उतरल्यावर पुढची गाडी तुमची तुम्ही करायची.

उलटी होते म्हणून गोळी द्यायची असेल तर बोटीत बसायच्या अर्धा तास आधी. बोट हलायला लागल्यावर दिलेली गोळी बाहेरच पडते.

नांदेड_पनवेल

बोट जानेवारीत ठीक. पावसाळ्यात हा धागा कोणी वाचत असेल तर गेटवे-मांडवा साध्या बोटी तेव्हा बंद असतात. तेव्हा पनवेल-एसटी हाच मार्ग धरा.

चौल_नाका

जायचं कसं हे सगळेच सांगतात. गाडी नसलेल्या माणसाची सहल बिघडते ती मुक्कामाच्या जागेमुळं. नागावचे होमस्टे बरेचसे वाडीत आहेत, मुख्य रस्त्यापासून आत एक-दीड किलोमीटर. अलिबाग-रेवदंडा रस्त्यावर दिवसभर मिनीडोर (सहा सीटची रिक्षा) आणि एसटी दोन्ही चालतात, पण ती तुम्हाला नाक्यावर सोडणार. पुढं बाबांना नारळी-पोफळीतून चालवत न्यायचं का, हा प्रश्न रोज दोनदा येईल. जेवणासाठी बाहेर पडलात तर तीनदा. पैसे भरण्याआधी मालकाला एकच विचारा: मुख्य रस्त्यापासून किती मिनिटं चालायचं? 'जवळच आहे' हे उत्तर नाही. नकाशावर लोकेशन मागा.

माझं मत विचाराल तर अलिबाग गावात किंवा शेजारच्या वरसोलीत राहा. एसटी स्टँड, बाजार, समुद्र आणि किल्ला सगळं हाताशी येतं. नागावचा किनारा तिथून आठ-दहा किलोमीटर, सकाळी जाऊन दुपारी परत या.

मिनीडोर म्हणजे आपल्याकडच्या काळ्या-पिवळ्या वडापसारखी, फक्त तीन चाकी. सहा सीट भरल्या की निघते. 'सीट' म्हटलं तर माणशी ठरलेलं भाडं, 'स्पेशल' म्हटलं तर अख्खी गाडी. तुम्ही सहाजण आहात, म्हणजे तुम्ही बसलात की गाडी भरलीच. सीटच्या भावानंच बसा, स्पेशलचं कबूल करू नका. स्पेशल तेव्हाच, जेव्हा ती वाट सोडून आत होमस्टेच्या दारापर्यंत न्यायची असेल. भाडं चढताना विचारायचं, ड्रायव्हरला नाही, शेजारी बसलेल्या बाईला. मीटरचा हट्ट इथं चालत नाही. ॲपवरच्या गाडीच्या भरवशावर बाहेर पडू नका. सुटे पैसे ठेवा.

अंधार पडला की सीटवाल्या गाड्या पटकन कमी होतात. नागावच्या किनाऱ्यावर सूर्यास्त बघून सावकाश चहा पिऊन रस्त्यावर आलात तर स्पेशलशिवाय काही मिळत नाही आणि भाव समोरचा सांगेल तो. सूर्य बुडाला की लगेच नाक्यावर या. नाहीतर सकाळीच ज्या मिनीडोरनं गेलात त्याचा नंबर घेऊन परतीची वेळ ठरवून टाका.

गोदाकाठ_परभणी

नागाव रद्द, वरसोली बघतो. किल्ल्यात पायी जाता येतं म्हणतात ते कधी? आणि काशीद-जंजिरा एसटीनं एका दिवसात होतं का?

चौल_नाका

अलिबागच्या किल्ल्याला, म्हणजे कुलाबा किल्ल्याला, ओहोटीला वाळूतून चालत जातात, भरतीत किल्ल्याभोवती पाणी असतं. वेळ काढायला घरातलं कॅलेंडर पुरतं. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. त्यात सहा-सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. चतुर्थीला चार त्रिक बारा, भागिले चार, तीन वाजता भरती, म्हणजे ओहोटी नऊ-सव्वानऊला. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी दुपारी बाराच्या पुढं. एकादशीला भरती सव्वाआठला, ओहोटी अडीचच्या सुमारास. कृष्ण पक्षातही प्रतिपदेपासून तसंच मोजायचं. रोज वेळ पाऊण तासापेक्षा थोडी जास्त पुढं सरकते. हा कोकणातला जुना ठोकताळा आहे, अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतो, म्हणून मोबाईलवर अलिबागची भरती-ओहोटी एकदा ताडून बघा.

ओहोटीच्या एक-दीड तास आधी निघायचं आणि ओहोटीनंतर दीड तासाच्या आत किनाऱ्यावर परत. पाणी घोट्याला आहे म्हणून किल्ल्यात रमणारे लोक येताना कमरेएवढ्या पाण्यात अडकतात. भरती समोरून येत नाही, दोन्ही बाजूंच्या खोलगट वाळूतून भरत मागून येते. पौर्णिमा-अमावास्येला ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी पडते, दुपारी जाऊन उपयोग नाही. बाबांसाठी घोडागाडी आहे. जाऊन-येऊनचं आणि सगळ्या माणसांचं मिळून भाडं ठरवा, आत किती वेळ थांबणार तेही.

लातूर_दयाराम_रोड

काशीद-जंजिऱ्याला मात्र टॅक्सी करा. सगळी सहल एसटीनं केलीत तरी हा एक दिवस टॅक्सीचाच.

कारण असं. अलिबाग-मुरूड एसटी रेवदंडा, साळावचा पूल, कोर्लई, काशीद करत जाते. काशीदचा किनारा रस्त्याला लागूनच आहे, तिथपर्यंत एसटीची अडचण काहीच नाही. पण पुढची गाडी किती वेळानं येईल आणि त्यात बसायला जागा असेल का, याची खात्री नाही. मुरूडला उतरून जंजिऱ्याची होडी सुटते तो राजपुरीचा धक्का आणखी चार-पाच किलोमीटर, तिथं रिक्षा. मग शिडाच्या होडीची रांग, किल्ल्यावर पाऊण-एक तास, परत तेच उलटं. तरण्या पोरांना जमतं. ७६ वर्षांच्या माणसाला उन्हात तीनदा वाट बघत उभं करायचं नसतं.

टॅक्सी आदल्या दिवशी संध्याकाळी ठरवा. अलिबाग-काशीद-मुरूड-राजपुरी आणि परत, शंभर-सव्वाशे किलोमीटर होतात. बोलताना या गोष्टी आधीच तोंडून काढून घ्या: भाडं किलोमीटरवर का अख्ख्या दिवसाचं, किती तासांचं, तास वाढले तर तासाला किती, पार्किंग आणि ड्रायव्हरचं जेवण कोणाचं. राजपुरीचं नाव स्पष्ट घ्या. 'मुरूड'चं भाडं ठरवून धक्क्यापर्यंत न्यायला जादा मागणारे असतात. गाडीची पाटी पिवळी असावी, पांढऱ्या पाटीची घरगुती गाडी भाड्यानं घेऊ नका. अपघात झाला तर विम्याचा घोळ होतो.

सकाळी सातला निघा आणि काशीदला न थांबता आधी जंजिरा. ऊन चढायच्या आत किल्ला होतो आणि होडीची गर्दीही कमी. येताना काशीद, चार वाजता पाण्यात उतरायला छान. बहुतेक लोक उलटं करतात आणि दुपारी एक वाजता राजपुरीच्या रांगेत सापडतात. होडीतून किल्ल्याच्या दारात उतरताना पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि होडी वरखाली होत असते. बाबांना जमेल का ते धक्क्यावर उभं राहून पाच मिनिटं बघून ठरवा, नाही जमलं तर ते आणि आई मुरूडच्या किनाऱ्यावर बसतील. टॅक्सी आहे तर तेवढं सोडणं-आणणं होतं, एसटीत होत नाही.

नांदेड_पनवेल

आणि वार बदला. गुरुवार-रविवार ही सगळ्यात वाईट जोडी. शनिवारी मुंबई-पुणे अलिबागेत उतरतं, मिनीडोर स्पेशलशिवाय बोलत नाही, होमस्टे दीडपट. रविवारी दुपारी सगळे एकदम परत निघतात, वडखळ-पेणला गाड्या मुंगीच्या पावलानं. परतीची पनवेल-नांदेड दुपारी चारच्या सुमारास आहे, रविवारी ती पकडायला अलिबाग दहाला सोडावं लागेल. सोमवार ते गुरुवार करा, मग साडेअकराची एसटीही पुरते. २६ जानेवारीला लागून सुट्टी येते ती टाळा.

बोटीनं परतणार असाल तर मांडव्याच्या बसची जागा अलिबागच्या कंपनी-ऑफिसात आदल्या दिवशी सांगून ठेवा आणि शेवटच्या बोटीवर विसंबू नका. देवगिरी सीएसएमटीहून रात्री नऊनंतर सुटते, दुपारी तीन-चारची बोट धरली की टॅक्सी, जेवण, प्लॅटफॉर्म सगळं सावकाश होतं.

गोदाकाठ_परभणी

मग जाताना देवगिरी आणि बोट, येताना एसटी आणि पनवेल. सोमवारी पोचायचं. त्या आठवड्यात तिथी कोणती येते ते बघून किल्ल्याचा दिवस ठरवतो, उरलेला टॅक्सीला. वरसोलीत रस्त्यालगतची जागा कोणाला माहीत असेल तर नुसता भाग सांगा, फोन मी लावतो.