अनुभव धागा : पाळीच्या आधीच्या जाग्या रात्री

पाळीतल्या पोटदुखीविषयी आता घरात थोडेफार बोलले जाते. पण त्याआधीच्या पाच-सात रात्री कशा जातात, हे आपण एकमेकींनाही क्वचितच सांगतो. त्या रात्रींचा पाळीशी संबंध आहे हे कळायला मला पंधरा वर्षे लागली. संध्याकाळचा चहा, मुलाची परीक्षा, अगदी नवी गादीसुद्धा, अशा सगळ्यांना मी दोष देऊन पाहिला होता. अखेर भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दुधाच्या खाड्यांशेजारी मी जागरणाच्या रात्रींवर फुल्या मारू लागले, तेव्हा तिसऱ्या महिन्यात लक्षात आले की फुल्यांचा पुंजका दर वेळी तारखेच्या आधीच पडतो. आपलेही अनुभव कृपया लिहावेत.

शिक्षिका, सांगली
मला त्या दिवसांत उकडते. डिसेंबरातही अंगावरचे पांघरूण नकोसे होते. डॉक्टरांनी सांगितले की बीजोत्सर्गानंतर, म्हणजे अंडाशयातून बीज बाहेर पडल्यावर, वाढणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे शरीराचे तापमान सुमारे ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसने चढते आणि झोप लागण्यासाठी तर शरीर थोडे निवावे लागते. हे ऐकून झोप आली नाही, पण नवऱ्याशी पंख्यावरून होणारी भांडणे थांबली.

परिचारिका, नाशिक
प्रोजेस्टेरॉनपासून मेंदूला शांतवणारे एक द्रव्य तयार होते आणि पाळी जवळ आली की दोन्ही उतरतात, हे मी अभ्यासक्रमात शिकले होते. तरीही रात्रपाळीनंतर दिवसा झोप आली नाही की कॉफीच घेत असे. दुपारी चारच्या कॉफीतले जवळपास निम्मे कॅफिन रात्री नऊलाही अंगात असू शकते, हा हिशेब मी रुग्णांना सांगत होते, स्वतः मात्र पाळत नव्हते.

गृहिणी, लातूर
माझे उलट आहे. दहा तास झोपूनही डोळे उघडत नाहीत. सासूबाई त्याला आळस म्हणतात.

लेखापाल, पुणे
पहाटे तीनला जाग येऊन मी कारणाशिवाय रडत असे, आणि पाळी सुरू झाली की दोन दिवसांत सारे निवळे. पहिल्या डॉक्टरांनी ‘लग्नानंतर बरे होईल’ असे सांगून बोळवण केली, याचा राग अजून आहे. पुढे मानसोपचारतज्ज्ञांनी थायरॉइड व हिमोग्लोबिन तपासायला लावले आणि सलग दोन पाळीचक्रे रोजची नोंद मागितली, कारण केवळ आठवणीवर विसंबून निदान करता येत नाही. निदान पीएमडीडीचे, म्हणजे पाळीआधी मनःस्थिती तीव्रपणे बिघडवणाऱ्या विकाराचे, झाले. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या मानसिक विकारांच्या २०१३ च्या निदान-नियमावलीत त्याला स्वतंत्र स्थान आहे आणि निद्रानाश किंवा अतिझोप, दोन्ही त्याच्या लक्षणांत मोडतात, त्यामुळे लातूरच्या ताईंनी आळस हा शब्द मनावर घेऊ नये. मला पाळीचक्राच्या उत्तरार्धाचे दोनच आठवडे गोळी घ्यावी लागते. प्रत्येकीला ती लागेलच असे नाही आणि स्वतःच्या मनाने तर कोणीच सुरू करू नये.

विद्यार्थिनी, डोंबिवली
छाती इतकी जड होते की पालथे झोपता येत नाही आणि मला दुसरी सवय नाही. एकाच खोलीत आम्ही चौघे झोपतो, त्यामुळे उठून दिवा लावण्याचीही सोय नाही. त्या आठवड्यात आजी पंख्याखालची जागा मला देते. कारण ती विचारत नाही आणि मीही सांगत नाही.