इंग्रजी शब्द व्याख्येतून शिकताना : तुमचे अनुभव

इंग्रजी शब्दाचा मराठी प्रतिशब्द पाठ करण्याऐवजी त्याची इंग्रजीतीलच व्याख्या वाचून शब्द आपलासा करण्याचा प्रयत्न अनेकांनी केला असेल. त्यात काय साधले आणि कोठे फजिती झाली, ते सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. सुरुवात मीच करतो. मी प्रथम जो जाडजूड इंग्रजी-इंग्रजी कोश घेतला, त्यात एका शब्दाच्या व्याख्येत दोन अनोळखी शब्द भेटत, त्यांच्या व्याख्येत आणखी तीन, आणि इतकी पायपीट करून मी पुन्हा पहिल्याच शब्दापाशी येऊन उभा राहत असे. पुढे लाँगमनचा १९७८ साली प्रथम निघालेला, शिकणाऱ्यांसाठीचा कोश मिळाला. त्यातील व्याख्या सुमारे २००० नेहमीच्या शब्दांत बसवलेल्या असल्यामुळे ही घाण्याच्या बैलाची फेरी एकदाची थांबली.

*

माझी फजिती ‘टेबल’ या साध्या शब्दाने केली. एका बैठकीत अमेरिकी सहकारी माझ्या प्रस्तावाविषयी ‘लेट्स टेबल इट’ असे म्हणाला. मी वाचलेली व्याख्या ब्रिटिश वापराची होती आणि तिच्यानुसार प्रस्ताव टेबल करणे म्हणजे तो चर्चेसाठी मांडणे. म्हणून मी कागद पुढे ओढून उत्साहाने आकडे सांगू लागलो. अमेरिकेत त्याचा अर्थ बरोबर उलटा, म्हणजे विषय तूर्त बाजूला ठेवणे, असा होतो, हे मला बैठक संपल्यावर कळले. तेव्हापासून मी व्याख्येआधी तिच्या डोक्यावरची बारीक अक्षरे वाचतो. शब्द कोणत्या देशातला, अनौपचारिक की अपमानकारक, प्रचारात की कालबाह्य, हे तेथे लिहिलेले असते आणि बोलीतील शब्दांच्या बाबतीत तर निम्मा अर्थ तेथेच असतो, असे माझे मत आहे.

*

कॉलिन्स कोबिल्ड या १९८७ सालच्या कोशाने व्याख्या पूर्ण वाक्यात देण्याची रीत रुळवली. त्या धर्तीवर मी स्वतः वाक्ये रचते : ‘ज्याच्याशी तुमचे नियमित बोलणे होते, त्याला तुम्ही कारण न सांगता उत्तरे देणे बंद केलेत, तर तुम्ही त्याला घोस्ट केलेत.’ नुसते ‘संपर्क तोडणे’ असे लिहिले असते, तर भांडून तोडलेला संबंधही त्यात आला असता. कोणी, कोणाशी आणि कसे, हे वाक्यात आपोआप येते.

*

माझे एक चित्र पाहून मुलगी ‘सिक!’ असे उद्गारली आणि मी मुकाट्याने ते चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवले. कोशात ‘आजारी’, ‘मळमळणारा’ असे अर्थ ओलांडल्यावर बऱ्याच खाली ‘अप्रतिम’ हा अर्थ सापडला. अशा शब्दांसाठी १९९९ साली सुरू झालेली अर्बन डिक्शनरी उपयोगी पडते. पण तेथील व्याख्या वाचकच लिहितात आणि त्यांवर मतेही वाचकच देतात, त्यामुळे पहिल्या क्रमांकावर कित्येकदा अर्थाऐवजी विनोद बसलेला असतो. मी तेथे किमान चार व्याख्या वाचून त्यांतील समान भाग तेवढा घेतो. ‘करिष्मा’ या अर्थाचा ‘रिझ’ हा शब्द ऑक्सफर्डने २०२३ सालचा शब्द म्हणून निवडला, तोवर मुलीच्या मते तो जुना झाला होता.

*

मला व्याख्यांचा फारसा लाभ झाला नाही. ‘पुट अप’ म्हणजे उभारणे, मुक्कामाची सोय करणे. त्याला ‘विथ’ जोडले की सहन करणे. व्याख्या पाठ होत्या, बोलताना मात्र एकही आठवत नसे. अर्थात ‘वेळ लागणे’, ‘ठेच लागणे’, ‘वेड लागणे’ आणि ‘नाद लागणे’ यांतील ‘लागणे’ मी तरी कोठे व्याख्येतून शिकले होते? आता मी प्रत्येक जोडीचे एकच वाक्य ऐकून ठेवते.

*

आम्ही पती-पत्नी रोज रात्री एक खेळ खेळतो : एकाने व्याख्या वाचायची, दुसऱ्याने शब्द ओळखायचा. मोठे, भारदस्त शब्द पटकन ओळखू येतात. अडते ते चिमुकल्या शब्दांपाशी. परवा ‘जस्ट’ची एक व्याख्या वाचली, तर ‘ओन्ली’, ‘रिसेंटली’, ‘एक्झॅक्टली’ असे सगळे सांगून झाले, पण ‘जस्ट’ काही सुचला नाही.