सासूबाईंच्या हर्नियासाठी लेडी सर्जन पाहिजे, सोलापुरात कुणी आहे का?

घरकुलची_सून
नमस्कार, आम्ही विडी घरकुलला राहतो. सासूबाई ५८ वर्षांच्या, सगळं आयुष्य विड्या वळण्यात गेलं, शुगर आहे, गोळी चालू आहे. उजव्या जांघेत गाठ आहे त्यांना, कधीपासून ते सांगतच नाहीत. मला कळलं ते पण पाणी आलं त्या दिवशी, आमच्याकडे चार-पाच दिवसांनी नळ येतो मग घागरी, बॅरल सगळं भरायची घाई, त्यात ह्या मधेच कळशी खाली ठेवून भिंतीकडं तोंड करून पदराआडून काहीतरी आत ढकलायला लागल्या. विचारलं तर म्हणे वायू हाय. सोनोग्राफीला मॅडम होत्या म्हणून कशीबशी झाली, रिपोर्टला हर्निया आलाय. फॅमिली डॉक्टरांनी एका सर्जनचं नाव दिलं, माणूस चांगला आहे म्हणतात, पण सासूबाईंचं एकच, मेले तरी चालेल पण तिथं गडीमाणसाला दाखवणार नाही. नवरा आणि दीर म्हणतात नाटकं आहेत नुसती. मला तरी नाटकं वाटत नाहीत ओ, बाळंतपणं सगळी सुईणीच्या हातानं झालीत त्यांची.
सोलापुरात हर्निया करणाऱ्या लेडी सर्जन कुणाला माहीत असतील तर नाव मेसेजमध्ये पाठवा, इथं नको. आणि सरकारी आरोग्य योजनेत बसतं का तेही सांगा.

जुळे_सोलापूरकर
ताई राग मानू नका पण डॉक्टरला बाई-पुरुष काही नसतं. त्याच्यासाठी ती फक्त एक केस असते, दिवसाला अशा किती बघतो तो. हात चांगला आहे का ते बघा, बाकी विचार करत बसलात तर नुकसान तुमचंच.

थिएटर_सिस्टर
दादा, डॉक्टरला नसतं हो, पेशंटला असतं ना. तुम्हाला जांघेतलं दाखवायला लेडी डॉक्टर समोर आली तर तुम्ही पण जरा इकडं तिकडं बघाल की.
ताई, मी ऑपरेशन थिएटरला काम करते म्हणून सांगते. लेडी सर्जन मिळाल्या म्हणजे आत सगळ्या बायकाच असतात असं नाही. भूल देणारे सर असू शकतात, स्ट्रेचर ढकलायला वॉर्डबॉय असतो, मदतीला एखादा ज्युनिअर डॉक्टर असतो. म्हणून नुसतं लेडी सर्जन एवढ्यावर थांबू नका, ॲडमिट होतानाच सिस्टरला सांगून ठेवा की केस काढायला, गाऊन घालायला, लघवीची नळी लागली तर ती घालायला बाईच पाहिजे, टेबलवर गेल्यावर सांगून उपयोग नाही. आमच्याकडे कुणी बोललं तर आम्ही करतो, अवघड काही नसतं त्यात. ऑपरेशनची जागा सोडून बाकी अंग हिरव्या चादरींनी झाकलेलंच असतं, हे पण सासूबाईंना सांगा, पुष्कळ बायकांना वाटतं आत सगळं उघडं ठेवतात.
आणि खरी लाज ऑपरेशनला नाही, ओपीडीत वाटते. सर्जन उभं करतात, खोकायला लावतात, खोकताना गाठीवर बोटं ठेवून बघतात, मग आडवं झोपवून परत बघतात. घरीच सांगून न्या, एकदम तिथं कळलं तर म्हातारी उठून चालायला लागते. पुरुष डॉक्टर तपासत असतील तर दुसरी बाई जवळ पाहिजे असं रुग्ण हक्कांच्या सनदेत आहे, २०१९ ला केंद्रानं सगळ्या राज्यांना पाठवलेली आहे ती. तुम्ही स्वतः आत थांबा, बाहेर बसा म्हणाले तर नाही म्हणा.

शेंगाचटणी_प्रेमी
एक महत्त्वाचं, लेडी डॉक्टर म्हटलं की आपल्याकडे सगळे गायनॅककडेच, म्हणजे बाळंतपण-पिशवीच्या डॉक्टरकडेच पाठवतात. माझ्या मावशीचं तेच झालं. पिशवीच्या ऑपरेशनच्या जुन्या टाक्यातून हर्निया झालेला, तिला पण बाईच पाहिजे होती, म्हणून एका मॅडमकडे नेलं, त्या पिशवीच्या डॉक्टर, त्यांनी पट्टा लावा वजन कमी करा म्हणून गोळ्या दिल्या, असेच कितीतरी दिवस गेले आणि शेवटी सर्जनकडेच जावं लागलं, तोवर फुगा चांगला वाढलेला. हर्निया हे जनरल सर्जरीवाल्यांचं काम. पाटीवर एम.एस. जनरल सर्जरी किंवा डी.एन.बी. जनरल सर्जरी आहे का बघा. आणि फोन करताना "लेडी डॉक्टर आहेत का" असं विचारूच नका, "जनरल सर्जरीच्या मॅडम कुठल्या वारी असतात" असं विचारा, नाहीतर रिसेप्शनची पोरगी सरळ गायनॅकची अपॉइंटमेंट लावून मोकळी होते.
सिव्हिलला पण सर्जरी ओपीडीत चौकशी करा, मेडिकल कॉलेज जोडलेलं आहे, एम.एस. करणाऱ्या मुली असतात. पण ऑपरेशन कोण करणार आणि वर सिनिअर कोण हे विचारून घ्या. शिकणारी मुलं घोळक्यानं बघायला आली तर नको म्हणायचा हक्क आहे पेशंटला.

रेल्वेलाईन्स_एक_सर्जन
मी स्वतः सर्जन आहे, पुरुष आहे, सोलापुरातच प्रॅक्टिस करतो, त्यामुळे नाव सुचवत नाही. सासूबाईंची मागणी अजिबात चुकीची नाही. मला काळजी वेगळ्याच गोष्टीची आहे.
जांघेतल्या हर्नियाचे दोन मुख्य प्रकार, इंग्वायनल आणि फीमोरल. फीमोरल हा बायकांत पुरुषांपेक्षा जास्त दिसतो आणि तो अडकण्याचा धोका जास्त, कारण त्याची वाट अरुंद आणि कडा कडक, आतडं शिरलं की परत यायला जागा नाही. पुरुषाला त्रास नसेल तर काही वेळा थांबून बघू म्हणता येतं, बाईच्या जांघेतल्या हर्नियाला तसं म्हणत नाहीत. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइन्समध्ये हेच आहे, वेळेत ऑपरेशन करा, आणि सोय असेल तर दुर्बिणीतून करा, कारण समोरून उघडून करताना फीमोरल नजरेतून सुटू शकतो. रिपोर्टमध्ये दोन्हीपैकी कुठला लिहिलाय बघा.
म्हणजे मॅडम शोधा, पण शोधाला मुदत ठेवा. आणि त्यांना सरळ विचारा, तुम्ही बायकांच्या जांघेतले हर्निया दुर्बिणीतून नेहमी करता का, कमजोर जागेवर आतून जी जाळी लावतात ती कुठली बसवणार. चांगला सर्जन ह्या प्रश्नाला रागावत नाही. बेंबीजवळ साधारण तीन छोटी छिद्रं असतात, पण पूर्ण भूल लागते, त्यामुळे शुगर आधी ताब्यात पाहिजे.
गाठ आत जाईना, कडक झाली, दुखायला लागली, उलट्या, पोट फुगलं, गॅस-संडास बंद, ह्यातलं काही झालं तर त्या रात्री समोर जो सर्जन असेल तो. हे सासूबाईंकडून आत्ताच कबूल करून घ्या. आतडं काळं पडलं की कापावं लागतं. आणि तोवर कळशी-घागर पूर्ण बंद.

होटगीरोड_वाचक
सर, बाईचं ऑपरेशन बाईनं केलेलं बरं असा एक अभ्यास आलेला ना?

रेल्वेलाईन्स_एक_सर्जन
हो, कॅनडातल्या ऑन्टारिओचा, २००७ ते २०१९ मधल्या तेरा लाखांहून जास्त पेशंटचा. पुरुष सर्जननं ऑपरेशन केलेल्या बायकांमध्ये पहिल्या ३० दिवसांत त्रास, परत ॲडमिट होणं आणि मृत्यू थोडे जास्त निघाले. तुलना खूप घटक जुळवून केली होती, तरी हा नोंदींवरचा अभ्यास, कारण काय ते त्यातून कळत नाही. आमच्यासारख्यांनी तो वाचून पेशंटचं जरा जास्त ऐकायला शिकावं, एवढं मी त्यातून घेतलं. पण तेवढ्यासाठी हर्निया क्वचित करणाऱ्या मॅडमकडे जाणं मला पटणार नाही.

जुळे_सोलापूरकर
पुण्याला का नेत नाही? हुतात्मा एक्सप्रेसनं सकाळी निघायचं, तिकडं लेडी सर्जन भरपूर.

शेंगाचटणी_प्रेमी
ड्रेसिंगला, टाक्याला परत परत पुण्याला कोण नेणार ओ, आणि रात्री ताप आला तर? इथं कुणी नाहीच मिळालं तर बघतील की पुणं.

घरकुलची_सून
सगळ्यांचे आभार. रिपोर्ट परत बघितला, फीमोरलच लिहिलंय, ते वाचून नवरा पण गप्प झाला. मेसेजमध्ये दोन नावं आली, एका मॅडमकडे फोन केला, हर्निया दुर्बिणीतून करतात म्हणाल्या, गुरुवारी ओपीडी आहे. सासूबाई यायला तयार आहेत, अट एकच, दीर गाडी चालवेल पण दवाखान्याच्या आत यायचं नाही. अडकलं तर कुठलाही डॉक्टर, हे मात्र अजून कबूल करत नाहीत, बघू म्हणतात. योजनेचं कुणीच सांगितलं नाही, तेवढं सांगा की. आणि शुगरची गोळी बंद करायची का?

थिएटर_सिस्टर
गोळी मनानं बंद करू नका, तारीख ठरली की भूलतज्ज्ञ सांगतील. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर पाकिटच घेऊन जा. अडकण्याचं त्या मॅडमच्याच तोंडून वदवून घ्या, सुनेचं ऐकणार नाहीत पण मॅडमचं ऐकतील.
योजनेचं, महात्मा फुले जन आरोग्य योजना, २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी नावानं पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यात आपला सोलापूर होता. पण मॅडम ज्या दवाखान्यात ऑपरेशन करणार तो योजनेत पाहिजे, आणि काही ऑपरेशनं फक्त सरकारी दवाखान्यातच बसतात. दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं, ॲडमिट व्हायच्या आधी त्याला विचारा, नंतर नाही. रेशनकार्ड आणि आधार दोन्हीवर नाव सारखंच आहे का आजच बघा, आपल्या पूर्व भागात माहेरचं एक आणि सासरचं एक असली नावं लई असतात, फाइल तिथंच अडकते.