फोनला लॉक लावलं, तरी… पालकांनो, तुमचे अनुभव सांगा

दारव्हा, यवतमाळ
मुलगा सहावीत आहे. दिवाळीत भाच्यानं त्याच्या फोनवर फॅमिली लिंक (मुलांच्या फोनवर पालकांना लक्ष ठेवू देणारी गूगलची सोय) बसवून दिलं. दिवसाला एक तास, रात्री ९ ला फोन बंद, नवं अ‍ॅप घ्यायचं तर माझी परवानगी. मी निर्धास्त झालो. कापूस वेचणीत आम्ही दोघं दिवसभर वावरात असायचो. माझ्या मोबाइलवर रोज त्याचा वापर दहा-बारा मिनिटं दिसे, बरं वाटे. मग एका सकाळी बाबा म्हणाले, "माझ्या फोनात कीर्तनाच्या मधात हे बंदुकीवाले कुठून येऊन राह्यले?" तेव्हा उमगलं. लॉक त्याच्या फोनला होतं, आजोबांच्या नव्हतं. तुमच्याकडे काय झालं?

मोर्शीजवळून
भाऊ, आमच्या पोट्ट्यानं तर लॉकच स्वतः बसवलं! मले कुठं येते ते? पालक मी, अन् पासवर्ड त्याले पाठ.

ब्रह्मपुरी तालुका, शिक्षक
२०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची पडताळलेली संमती घ्यायची तरतूद आहे. पण माझ्या वर्गातली कितीतरी पोरं घरी आईबापांचे ओटीपी वाचून दाखवतात. संमती कोण देणार? शाळा सुटली की पारावर एका फोनभोवती चार डोकी असतात. फोन कुणा एकाचा, पाहणारे सगळे.

मेहकर, बुलडाणा
मुलगी नववीत. वेळेची मर्यादा तिनं कधी मोडली नाही. फोटोंचं अ‍ॅप मीच मंजूर केलं होतं. तिथं एकानं आपण मुलगी आहोत असं भासवून ओळख वाढवली आणि तिचा फोटो बिघडवून गावाच्या ग्रुपवर टाकीन म्हणून धमकावलं. मला दिसत होतं ते फक्त अ‍ॅपचं नाव आणि मिनिटं, आतले मेसेज नाहीत. आठ दिवस लेकरू धड जेवलं नाही. भाकरी थापताना शेजारी येऊन बसली आणि पहिलं वाक्य बोलली, "आई, फोन काढून घेणार नाहीस ना?" ते आठवलं की अजून पोटात तुटतं. मेसेज पुसू दिले नाहीत. १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला, मग ठाण्यात गेलो. तिचा फोन तिच्याकडेच आहे.

दारव्हा, यवतमाळ
ताई, तुमचं वाचून मुलाला जवळ घेतलं. अनोळखी कुणी बोलतं का, विचारलं. म्हणाला, "गेममधी एक दादा आहे. कोणत्या गावचा, रोज विचारते." आता आजोबांचा फोन घेऊन त्याच्यासोबत बसलोय. तो एकेक दाखवतोय.