अनुभव धागा : पाऊस ओसरल्यावर, एकट्यानेच सायकलवर

पाऊस ओसरत आलेला असतो आणि ऑक्टोबरचा उकाडा अजून बसलेला नसतो, तेव्हा आपल्याकडे मोजक्या सकाळी खऱ्या गार मिळतात. रात्री एखादी सर पडून गेलेली, रस्ते धुतलेले. अशा सकाळी, सोबत कोणी नसताना, वेळ-अंतर न बघता सायकल चालवली असेल तर इथे लिहा. वाटेत काय दिसलं, कुठे थांबलात ते सांगा. सुरुवात मी करते.

मी ठाण्याच्या येऊरला जाते. उपवन तलाव मागे पडला की चढ लागतो. ग्रुपबरोबर असले की नजर पुढच्याच्या मागच्या चाकावर असते आणि दम सांभाळण्यातच वाट संपते. एकटी असते तेव्हा चढ लागायच्या आधीच हलका गिअर टाकते आणि रमतगमत वर जाते. मग कडेचा तेरडा दिसतो, ओढ्याचं पाणी ऐकू येतं. 2024 मध्ये डोंगरउतारांवर कारवी फुलली होती. त्याआधी ती 2016 ला फुललेली. आठ वर्षांनी एकदाच फुलते, बी धरते आणि ती सगळी झुडपं एकदमच वाळून जातात. त्या दिवशी सायकल दगडाला टेकवून मी जांभळ्या फुलांवरच्या मधमाश्या बघत उभी राहिले. वेगात असते तर तो उतार मला नुसता हिरवा दिसला असता, अशी माझी खात्री आहे. एक मात्र पाळते : पूर्ण उजाडल्याशिवाय वर जात नाही. जंगल बिबट्याचं आहे.

— येऊरकर


मी नवी मुंबईतल्या नेरुळचा, निवृत्त. पाम बीच रस्ता सपाट आहे, पण सकाळी गाड्या सुसाट असतात, म्हणून आतल्या रस्त्यांनी डीपीएस शाळेजवळच्या तळ्यावर जातो. ‘फ्लेमिंगो तर अजून आले नाहीत, मग जाता कशाला?’ असं शेजारी विचारतात. फ्लेमिंगोंच्या आधी धोबी येतो ना! शेपटी हलवत काठाने पळणारा तो पक्षी दिसला की माझ्यासाठी हिवाळ्याची वर्दी मिळाली. भरतीची वेळ बघून निघालात तर जास्त पक्षी दिसतील. खाडीतला चिखल पाण्याखाली गेला की ते तळ्याकडे सरकतात. सायकलवरून हळू गेलं तर शेकाट्यासुद्धा उडत नाही. चालत जवळ गेलं की लगेच उडतो, असा माझा अनुभव.

— खाडीकाठ


खारघर. पांडवकड्याच्या बाजूला जाते. धबधब्याजवळ जायला बंदी असते, म्हणून रस्त्यावरूनच बघते आणि परत फिरते. पुरतं मला तेवढं.

— अनामिका


येऊरकर ताई, तुमचं वाचून लिहायचा धीर आला. लेकीची सायकल ती शिकायला बाहेरगावी गेल्यापासून बाल्कनीत पडून होती. चाळिशीनंतर त्याच सायकलवर पुन्हा बसले. आधी कोलशेतच्या आतल्या रस्त्यांवर, रविवारी. घोडबंदर रस्त्याच्या ट्रकांमध्ये अजून जात नाही. सीट खाली करून घेतली, पाय जमिनीला लागले, मग भीती गेली. आता सातविणीला मोहोर आला की त्या वासाच्या मागे कुठल्याही गल्लीत वळते. घरात प्रत्येक फेरीला काहीतरी काम जोडलेलं असतं. या फेरीला नसतं, आणि ते मला फार हवं होतं. एक शंका आहे : एकटी असताना पंक्चर झालं तर काय करता?

— कोलशेतची


ताई, एक जादा ट्यूब, दोन टायर लिव्हर (टायर रिमवरून काढायच्या पट्ट्या) आणि छोटा हातपंप सीटखालच्या पिशवीत ठेवा. आधी घरीच पुढचं चाक काढून ट्यूब बदलून बघा. मागच्या चाकाला चेनमुळे जरा वेळ लागतो, ते नंतर. सकाळी लवकर पंक्चरवाल्यांची दुकानं बंद असतात, त्यामुळे हे यायलाच हवं.

उरणच्या बाजूला कोणी जातं का? तिकडच्या आतल्या रस्त्यांबद्दल वाचायला आवडेल.

— खाडीकाठ